पेल्यागणिक

सुट्टेबाई हे काही बाईंचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्या बसमध्ये कंडक्टर होत्या आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी 'सुट्टे द्या' हे दोन शब्द जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा एखाद्या भक्ताने देवाचं नावही घेतलं नसेल. प्रवाशांनी पाडलेलं नाव डेपोत गेलं, डेपोतून घरी आलं आणि निरोपाच्या दिवशी खुद्द डेपो मॅनेजरने भाषणात तेच घेतलं. बाई खो खो हसल्या. चालत्या गाडीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने तिकीट फाडायचं आणि त्याच वेळी तोंडाने दोघांचं भांडण मिटवायचं, हे ज्याला जमलं त्याला नावाबिवाचं काय!

लग्न त्यांनी केलं नाही. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला त्यांनीच शिकवलं, पायावर उभं केलं. भावाने पुढे फर्निचरचं दुकान काढलं. ते नुसतं चाललं नाही, धावलं. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण खिसा जड झाला तसा त्याच्या बोलण्यात एक 'मी' येऊन बसला. मी नेतो, मी भरतो, मी सांगतो ते ऐका. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्याने जाहीर केलं, "मी सगळ्यांना जहाजावर नेतोय. सात दिवस. खर्चाचं नाव कुणी काढायचं नाही."

सगळे म्हणजे चौघं. भाऊ, त्याची बायको, बायकोची आई आणि सुट्टेबाई. बायकोची आई पंचाहत्तरीला टेकलेली. नवरा गेल्यापासून लेकीकडेच असायची. जावयाच्या घरात राहायचं तर कपबशीचासुद्धा आवाज होऊ द्यायचा नाही, असं तिने स्वतःला शिकवून ठेवलं होतं. सुट्टेबाई तिला मावशी म्हणत. जहाजावर खोल्या दोन मिळाल्या. एकीत नवराबायको, दुसरीत या दोघी.

जहाजात पाय ठेवला तोच समोर एक टेबल. त्यावर रंगीत पाण्याचे पेले मांडलेले आणि मागे दात दाखवणारा एक विक्रेता.

"पेयांचं पॅकेज घ्या साहेब! एकदाच पैसे भरा, आठवडाभर हवं ते प्या."

"मी घरूनच भरून आलोय," भाऊ म्हणाला. "माझं आणि हिचं."

"माझं कशाला?" बायको म्हणाली. "मी फार तर लिंबू सोडा पिणार."

"नियमच आहे बाईसाहेब," विक्रेता म्हणाला. "एका खोलीत एकाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. नाहीतर एक जण भरेल आणि दोघं पितील."

सुट्टेबाई पुढे सरकल्या. "आणि आम्ही दोघींनी घेतलं नाही तर प्यायचं काय?"

विक्रेत्याचे दात जरा कमी दिसायला लागले. "जेवणाच्या हॉलमध्ये पाणी, चहा, साधी कॉफी मिळते. सकाळी ज्यूस असतो."

"त्याचे पैसे?"

"नाहीत."

"खोलीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या?"

"त्यांचे आहेत."

"ती मशीनवरची फेसाची कॉफी?"

"तिचेही."

"आणि लिहिलेल्या किमतीवर आणखी काही चढतं?"

"वीस टक्के सेवा आकार," विक्रेता हळूच म्हणाला.

"आता कसं बोललात," बाई म्हणाल्या. "टप्पे कळले की प्रवास सोपा होतो. आम्हाला पॅकेज नको. लागलंच तर पेल्यागणिक देऊ."

भावाचं तोंड आंबट झालं. "ताई, आल्या आल्या घासाघीस?"

"घासाघीस कुठे केली? भाडं विचारलं."

खोलीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. गळ्यात किमतीचं कार्ड अडकवून त्या सत्काराला बसल्यासारख्या टेबलावर बसल्या होत्या. मावशी तहानेने चुकून एखादी फोडतील म्हणून बाईंनी दोन्ही कपाटावर चढवल्या, हॉलमधून आपली स्टीलची बाटली भरून आणली आणि मावशींच्या उशाशी ठेवली. प्रवास छान सुरू झाला. दोघी डेकवर फिरल्या, हात धरून पाण्याकडे बघत बसल्या. मावशींनी एवढं पाणी आयुष्यात पाहिलं नव्हतं. "याला काठच नाही हो," त्या दर तासाला नव्याने म्हणत.

भावाचा प्रवास मात्र हिशेबाने चालला होता. जहाजावर सगळे भाव डॉलरमध्ये. पॅकेज रोजचं पन्नास, वीस टक्के धरून साठ. पेला दहाचा, टक्के धरून बारा. "म्हणजे पाच पेल्यांना बरोबरी," तो सांगायचा, "सहाव्यापासून कमाई!" मग सकाळी न आवडणारी फेसाची कॉफी, अकरा वाजता बिअर, जेवणाबरोबर एक, जेवणावर एक. बायकोचे पाच काही वसूल होत नव्हते आणि जहाजाने ज्याच्या त्याच्या गळ्यात अडकवलेल्या कार्डावर ज्याचं त्यालाच पिता येत होतं. ती रुखरुख त्याला झोपू देईना. दुसऱ्या दिवशीच त्याचा चेहरा भिजवलेल्या पावासारखा झाला.

"अरे, तहान लागते म्हणून पितोस की पैसे भरलेत म्हणून?" बाईंनी विचारलं.

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला आणि ढेकर दिला.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर भडका उडाला. चारही जणांचा खर्च भावाच्या नावावर चढत होता आणि त्याचा आकडा रोज सकाळी त्याच्या फोनवर यायचा. भावाने फोन पाहिला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा पाहिला.

"सातशे वीस डॉलर? तुमच्या खोलीवर? ताई, तू तर म्हणालीस पॅकेज नको!"

"नकोच म्हणाले."

"मग हे काय? दोघींचं पॅकेज, सहा दिवसांचं! काल दुपारी घेतलंय, आईंच्या सहीने."

मावशींच्या हातातला पाव हातातच राहिला. सगळं हळूहळू बाहेर आलं. काल दुपारी बाई खोलीत पडल्या होत्या. मावशी आणि त्यांची लेक पोहण्याच्या हौदापाशी बसल्या होत्या. एक वेटर आला. त्याच्या तबकात उंच पेला, पेल्यावर संत्र्याची फोड, फोडीत रंगीत कागदाची छत्री. त्याने पेला मावशींच्या हातात दिला, त्यांच्या गळ्यातलं कार्ड यंत्राला लावलं आणि एक चिठ्ठी पुढे केली. मावशींचा चष्मा खोलीत होता. पेला मिळाल्याची सही असेल, असं समजून त्यांनी सही केली.

"असेल म्हणजे?" भावाचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "सही करण्याआधी वाचता येत नाही? नाही येत तर विचारायचं तरी! मी काय पैशाचं झाड लावलंय? या वयात छत्रीचे पेले कशाला लागतात?"

 पाव मावशींनी बशीत ठेवला, बशी पुढे सारली आणि हात मांडीवर घेतले. लेक आपल्या कपात बघत राहिली.

 बाईंना फक्त मावशींचे ते मांडीवर घेतलेले हात दिसले आणि त्यांच्या डोक्यात सणक गेली. त्या उठल्या.

"मावशी, चष्मा घ्या. आपल्याला खिडकीवर जायचंय."

"राहू द्या हो ताई," मावशी पुटपुटल्या. "चूक माझीच आहे."

"चूक कुणाची ते चिठ्ठी सांगेल. उठा."

प्रवाशांच्या तक्रारींची खिडकी पाचव्या मजल्यावर होती. खिडकी कसली, लांबलचक चकचकीत काउंटर. मागे गळ्यात रुमाल बांधलेली एक मुलगी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "माफ करा, पॅकेज एकदा वापरलं की रद्द होत नाही."

"तुझ्यावर राग नाही बाळ," बाई म्हणाल्या. "खिडकीतल्या माणसावर राग काढणारे मी खूप पाहिलेत, त्यांना अक्कल नसते. तू आम्हाला ती चिठ्ठी दाखव आणि तुझ्या साहेबांना बोलाव."

साहेब आले. पांढरा कडक गणवेश, खांद्यावर पट्ट्या, बोलणं मधात बुडवलेलं. चिठ्ठीची प्रतही आली. वर मोठ्या अक्षरात पेल्याचं नाव होतं. तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात पॅकेजचं लिहिलं होतं. त्याखाली मावशींची थरथरती सही.

"सही यांचीच आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"यांचीच," बाई म्हणाल्या. "माझी कुठे आहे?"

"तुमची?"

"सातशे वीस दोघींचे लावलेत. तीनशे साठ माझे. माझी सही दाखवा."

"तुमच्या सहीची गरज नाही, मॅडम. एका खोलीत एकाने घेतलं की..."

"एकाच बाकावर दोघं बसले आणि एक विनातिकीट निघाला, तर दुसऱ्याकडून दंड घेतात का? एकतीस वर्षांत मी घेतला नाही."

मागे रांग वाढत होती. फुलाफुलांच्या शर्टातला एक गृहस्थ चुळबुळत म्हणाला, "बाई, आटपा की."

बाईंनी मान वळवली. "सगळ्यांना जागा मिळणार आहे. ढकलाढकली करायची नाही." गृहस्थ एक पाऊल मागे गेला आणि आपण का मागे गेलो ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

साहेब मधाची दुसरी बाटली उघडत म्हणाले, "आपण पाहुण्या आहात. मी असं करतो, अर्धी रक्कम सोडतो. आणि आमच्यातर्फे खोलीत वाइनची एक बाटली पाठवतो. आनंदाने घ्या."

"बाटली नको. नियम वाचून दाखवा."

"कोणता?"

"तोच. एका खोलीचा."

साहेबांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने एक जाडसर पुस्तक काढलं, पान शोधलं आणि वाचलं, "एकाच खोलीतील सर्व प्रौढ प्रवाशांनी पॅकेज घेणे आवश्यक आहे. अन्यथा ते त्या खोलीतील कोणासही देता येणार नाही."

"पुन्हा वाच, बाळ. 'अन्यथा'पासून."

मुलीने वाचलं. या वेळी तिचा आवाज जरा मोठा होता.

"ऐकलंत साहेब? मी पॅकेज घेतलेलं नाही. घेणार नाही. सही केलेली नाही, करणार नाही. म्हणजे खोलीतल्या सगळ्यांनी घेतलेलं नाही. म्हणजे तुमच्याच नियमाने यांनाही ते देता येत नाही. तुम्ही दिलंत, ही चूक तुमची. आता ते परत घ्या."

रांगेतून कुणीतरी 'बरोबर आहे' म्हटलं. साहेबांच्या मधात पहिल्यांदाच पाणी पडलं. "पण पॅकेज यांनी मागितलं होतं. वेटरने नीट समजावून सांगितल्याशिवाय आम्ही सही घेत नाही."

तेवढ्यात भाऊ आला. धापा टाकत, लाल होऊन. "ताई, चल. मी भरतो. लोक बघताहेत."

"बघू देत."

"अगं, पैशाचा प्रश्नच नाहीये!"

"नाही?" बाई पूर्ण वळल्या. "मग सकाळी कशाचा होता? पैशाचा नव्हता, तर चार लोकांत त्यांना का बोललास? छत्रीचा पेला कशाला लागतो म्हणालास. तू रोज पाच पितोस, तुला कुणी वय विचारलं?"

भावाने खिशातून पाकीट काढलं.

"तू एका बाजूला उभा राहा," बाई म्हणाल्या. "हे आमच्या खोलीचं आहे."

"मॅडम, वेटरने समजावलं होतं," साहेबांनी धागा पुन्हा पकडला.

"नव्हतं समजावलं."

हा आवाज भावाच्या बायकोचा होता. ती नवऱ्याच्या मागोमाग आली होती आणि आतापर्यंत खांबाआड उभी होती. ती पुढे आली. 

"मी शेजारच्याच खुर्चीत होते. तो म्हणाला, 'आजींसाठी खास. कार्ड दाखवा, इथे सही करा.' एवढंच. पॅकेज हा शब्दही काढला नाही. हवं तर त्याला बोलवा, मी त्याच्या तोंडावर सांगते."

"तू सकाळी का नाही बोललीस?" भावाने विचारलं.

"तुम्ही कुणाला बोलू देत होतात?" ती म्हणाली. पंचवीस वर्षांत ती असं बोलली नसावी, कारण बोलून झाल्यावर तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग हात काढला आणि आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. रांगेतली माणसं आता चुळबुळत नव्हती, मान पुढे काढून ऐकत होती. एका म्हाताऱ्या जोडप्याने तर आपलीही चिठ्ठी खिशातून काढून तळाची अक्षरं वाचायला घेतली होती. साहेब मुलीच्या कानाशी काहीतरी बोलले आणि निघून गेले. मुलीने यंत्रावर बोटं चालवली. कागद बाहेर आला. पॅकेज रद्द, दोघींचं. कालचा एक पेला, टक्के धरून बारा.

"बारा बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. "पेला प्यायला गेलाय, त्याचे द्यायलाच हवेत."

"मी देते," मावशी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मावशींनी कमरेची छोटी पिशवी सोडली आणि तिच्यातून घड्या घातलेल्या नोटा काढल्या. त्यांच्या नवऱ्याच्या मागे दरमहा त्यांना थोडं निवृत्तिवेतन मिळे. ते त्या कधी खर्च करत नसत.

"मुली, यातून त्या बारा डॉलरचे होतील तेवढे घे," त्या म्हणाल्या. "आणि उरलेले माझ्या या कार्डावर ठेवता येतील का? म्हणजे माझं काय ते माझ्या पैशातनं जाईल. जावईबापूंच्या फोनवर नको."

"येतील की आजी," मुलगी म्हणाली. आता ती मनापासून हसत होती.

"माझंही वेगळं कर," बाईंनी आपलं कार्ड काउंटरवर टाकलं.

"आई, ही काय पद्धत झाली?" भाऊ म्हणाला. "मी तुम्हाला घेऊन आलोय. माझा अपमान करताय तुम्ही."

मावशींनी पिशवी पुन्हा कमरेला खोचली. "तुम्ही आणलंत, उपकार आहेत तुमचे. तिकीट तुमचं, खोली तुमची. पण सकाळी तुम्ही मला बोललात तसं माझे यजमान पन्नास वर्षांत बोलले नव्हते. पैसे तुमचे होते म्हणून ऐकून घेतलं. आता पैसे माझे आहेत."

 भाऊ पाठ फिरवून लिफ्टकडे गेला. लिफ्ट यायला वेळ लागला तशी त्याने जिन्याची वाट धरली.

बाहेर डेकवर वारा होता. तिघी एका बाकावर बसल्या.  मग मावशी बाईंच्या कानाशी आल्या.

"ताई, एक सांगू? त्या पेल्यात काहीतरी होतं. जिभेला चटका बसला."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या घोटाला कळलं आणि तिसऱ्याला आवडलं."

सुट्टेबाई इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडे पुस्तक वाचणारा माणूस दचकला. लेकीने आधी डोळे वटारले, मग तीही पदरात तोंड लपवून हसायला लागली.

भाऊ दोन दिवस बाईंशी बोलला नाही. जेवायला यायचा, बशीत बघून जेवायचा, निघून जायचा. बाईंना वाईट वाटलं नाही असं नाही. हाताने भरवून वाढवलेलं पोर ते. पण माघार घ्यायची त्यांना काही जरुरी दिसेना. भावजय मध्यस्थी करायला आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी त्याच्यावर रागावलेली नाही. तो माझ्यावर रागावलाय. तर राग उतरवायचं काम त्याचं. आणि माफी मागायची असेल तर माझी नको, तुझ्या आईची मागायची. तेवढं त्याला सांग."

तिने ते सांगितलं की नाही, कुणास ठाऊक. पाचव्या दिवशी भावाच्या पोटाने संप केला. जहाजावरच्या डॉक्टरने त्याला दोन दिवस पाणी आणि मीठसाखर याखेरीज काही घ्यायला मनाई केली. पॅकेजचे पैसे मात्र त्या दोन दिवसांचेही भरलेले होते. कुणी त्याला तसं म्हणून दाखवलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी तो थोडा सावरला आणि हळूहळू चालत डेकवर आला. तिघी बायका हौदापाशी बसल्या होत्या. एक वेगळाच वेटर तबक घेऊन मावशींसमोर वाकला होता. मावशींनी चष्मा लावला, किमतीचं कार्ड हातात घेतलं, वरचे टक्के विचारले, बोटांवर मोजले आणि नारळाच्या चवीचा एक पेला निवडला. चिठ्ठी आली तेव्हा ती वरपासून तळापर्यंत ओठ हलवत वाचली. वेटर ताटकळला. मावशींनी त्याला ताटकळू दिलं. मग सही केली.

भाऊ शेजारच्या खुर्चीच्या कडेवर टेकला. हातात साध्या पाण्याचा पेला. एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा सासूकडे.

"आई," तो घसा खाकरत म्हणाला, "त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो."

"हो," मावशी म्हणाल्या. "बोललात."

त्यांनी 'असू द्या' म्हटलं नाही, 'त्यात काय एवढं' म्हटलं नाही.  आणखी काहीतरी येईल, असं भावाला वाटलं होतं. आलं नाही. मग न राहवून त्याने विचारलं, "या तीन दिवसांत, आई, तुमचं किती झालं?"

मावशींनी पेल्यातली छत्री बाजूला केली आणि एक मोठा घोट घेतला.

"झालं तेवढं झालं," त्या म्हणाल्या.